पंधरा वर्षांनी गावच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पेटी वाजवायला जातोय. कुणी असं केलंय का?

कादवाकाठ | ९ जानेवारी

नमस्कार. (आमच्यातल्यांना जय ख्रिस्त.) बरीच वर्षं नुसता वाचतोय, हा पहिलाच धागा, चूकभूल सांभाळून घ्या.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. ख्रिस्ती घरं एकोणतीस. आजोबा मंडळीचे मास्तर होते. आठवडाभर शाळा आणि रविवारी पेटी. पाळकांकडे (पाद्रींकडे) सहा गावं असल्यामुळे ते महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे. बाकीचे रविवार आजोबाच उपासना चालवायचे, उपदेश वाचून दाखवायचे आणि मधेच उठून पायपेटीवर बसायचे. वडील नोकरीसाठी नाशिकरोडला आले, मी पुण्याला. गेली पंधरा वर्षं पुण्यात एका मोठ्या चर्चच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. ड्रम, दोन गिटार, साउंडवाला, पडद्यावर गाण्याचे शब्द, सगळं साग्रसंगीत.

यंदा नाताळला गावी गेलो. उपासनेत गाणं मोबाइलवर लावलं होतं, ब्लूटूथ स्पीकर थेट वेदीच्या पायरीवर ठेवलेला. लोक उभे होते, पण ओठ हलत नव्हते. आजोबांची पायपेटी मागच्या खोलीत खतांच्या गोण्यांमागे सापडली. भात्यात उंदरांनी संसार थाटलाय.

माझी नोकरी आता घरूनच चालते. बायको तयार आहे (अटी आहेत, त्यातली पहिली अट कमोड). गावी राहून मुलांना गाणं-वाजवणं शिकवावं, मंडळीचं गाणं पुन्हा उभं करावं, पाळक नसतील त्या रविवारी उपासनेला हातभार लावावा, असं मनात आहे. पगार वगैरे काही नकोय. पण तिथं नेऊ काय? पुण्यातला बँड नेऊ की भजनाची बैठक? आणि पंधरा वर्षांनी उगवलेल्या माणसाला गाव कसं घेतं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. त्यांचं वाटोळं झालं असेल तर तेही लिहा.

खडूस_काका | ९ जानेवारी

दोन वर्षं. फार तर अडीच. मग पोरांच्या शाळेचं कारण सांगून परत पुण्याला. आमच्या गल्लीतून असे तिघं गेले आणि तिघंही आले. एक जण येताना गावचा तांदूळ तरी घेऊन आला.

पेटीवाला_पंचवटी | ९ जानेवारी

बाकीचं नंतर. आधी पेटीचं बघा. तिला उन्हात ठेवू नका, पट्ट्यांमध्ये तेल सोडू नका (लोक खोबरेल घालतात हो, डोळ्यांनी पाहिलंय) आणि भाता फेव्हिकॉलनं चिकटवू नका. भात्याचं चामडं-कापड बदलता येतं. सूर (आत आवाज देणाऱ्या पातळ जिभा) पितळेचे असतात, उंदीर ते खात नाही. पट्टी दाबल्यावर आवाज आला नाही की लोक म्हणतात सूर मेला. दहातल्या सात वेळा आत धुळीचा कण अडकलेला असतो. सूर काढून बारीक ब्रश फिरवला की गातो. पण तो खरवडायच्या भानगडीत पडू नका. टोकाकडे खरवडला तर चढतो, बुडाकडे खरवडला तर उतरतो, आणि हात चुकला तर परत येत नाही.

फोटो टाका. भात्याचा आतून, उंदरांसकट.

द्राक्षवाला | १० जानेवारी

मी निफाडचा, पण दिंडोरीचं गणित वेगळं नाही. जानेवारी ते मार्च गावात माणूस भेटणार नाही. द्राक्षाचा माल काढणीला, बाया बागेत, ट्रक दारात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि त्यानंतर रोज सकाळी आभाळाकडे बघत फवारणी. सरावाची वेळ संध्याकाळी सात ठरवाल आणि थ्री-फेजची लाइट रात्री असली तर बाप्ये सगळे पाण्याच्या मोटारीवर. पुण्यात 'शनिवारी पाच वाजता रिहर्सल' म्हणता तसं इथं होत नाही भो. लाइटचं वेळापत्रक बघा आणि मग गाणं बसवा.

मीरा_टाळकरी | १६ जानेवारी

कालच त्र्यंबकहून आले. निवृत्तीनाथांची यात्रा होती, पौष वद्य एकादशीची. पाय अजून दुखतायत, म्हणून बसल्याबसल्या सविस्तर लिहिते.

माझं तुमच्यासारखंच झालं, फरक इतकाच की देऊळ विठ्ठलाचं. वीस वर्षं ठाण्यात होते. आळंदीच्या एका महाराजांकडे सुट्ट्यांमध्ये कीर्तन शिकले. धाकटी कॉलेजला गेल्यावर सासरच्या गावी परत आले. डोक्यात होतं की आपण शिकून आलोय, आता गावाला देऊ. पहिल्याच सप्ताहात कमिटीनं मला कीर्तन सोडाच, काकड्याला उभं राहायलाही मागची ओळ दिली. म्हणाले, वहिनी, पंगतीचं बघता का? पंगतीचं बघितलं. तीन दिवस बुंदी वाढली.

रडले नाही असं सांगणार नाही. पण मागच्या ओळीत उभं राहिल्यावर एक कळलं. आमच्या गावचा हरिपाठ मी शिकून आले त्या चालीत नाहीच. तिसऱ्या चरणावर हे लोक असे थांबतात की टाळ आपोआप खाली येतो. मी ते चुकीचं समजत होते. वर्षभर त्यांच्या चालीत म्हटलं. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या विणेकरी बाबांनी स्वतः कमिटीला सांगितलं, सूनबाईला एक दिवस द्या. दिला. दुपारी दोनचा, ऐन उन्हातला, समोर अकरा माणसं आणि एक कुत्रं. आज सात वर्षं झाली. आता रात्रीचं कीर्तन माझ्याकडे असतं आणि पंचक्रोशीतून बोलावणी येतात.

पैशाबद्दल एक. 'काही नको' असं पहिल्याच दिवशी जाहीर करू नका. फुकटच्या माणसाला गाव गृहीत धरतं, नाहीतर त्याच्यामागे काय डाव आहे ते शोधतं. मी पाकीट घेते आणि त्याच पाकिटातून टाळ आणते.

खडूस_काका | १६ जानेवारी

मीराताई, ते कुत्रं शेवटपर्यंत थांबलं का?

मीरा_टाळकरी | १६ जानेवारी

पसायदानापर्यंत, काका. त्यातली तीन माणसं मात्र आधीच उठली होती.

रोखठोक | १७ जानेवारी

सगळे गोड बोलतायत म्हणून मी विचारतो. 'मुलांना शिकवणार' म्हणजे कुणाच्या मुलांना? एकोणतीस घरांच्या की अख्ख्या गावाच्या? आधी गाणं, मग बिस्किटं, मग प्रार्थना, हा क्रम आम्ही पाहिलाय. सरळ सांगा ना, धर्मप्रसार करायला चाललोय म्हणून.

कादवाकाठ | १७ जानेवारी

प्रश्न रास्त आहे, राग नाही. चौथ्या पिढीचा ख्रिस्ती आहे, हा प्रश्न शाळेपासून ऐकत आलोय. उपासनेतलं गाणं मंडळीसाठी, रविवारी, चर्चमध्ये. पेटी-तबला शिकवणार तो घराच्या ओट्यावर. तिथं येणाऱ्याला सारेगम आणि केहरवा ताल मिळेल, दुसरं काही नाही, बिस्किटंही नाहीत. (बायको म्हणते बिस्किटांशिवाय पोरं टिकणार नाहीत. बघू.) आजोबांकडे पेटी शिकलेले एक गुरव आजोबा अजून गावात आहेत, मारुतीच्या देवळात तेच वाजवतात. त्यांना विचारून कुणीही खात्री करून घ्यावी.

रोखठोक | १७ जानेवारी

ठीक. लिहिलंत तसं वागलात तर माझं काही म्हणणं नाही. लक्ष ठेवून आहे.

संपादक | १७ जानेवारी

इथून पुढे धर्मांतराची चर्चा या धाग्यावर नको, वेगळा धागा काढा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांचे उडवले त्यांना ठाऊक आहे.

पेठची_पावरी | १८ जानेवारी

संपादकांचा मान राखून वेगळं लिहितो. मी पेठ तालुक्यातला, कोकणा आदिवासी. घरचे निम्मे ख्रिस्ती, निम्मे नाहीत. जेवण एकाच चुलीवर.

आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देव बसतो. पुरुष व्रत धरतात, रात्रभर पावरी वाजते, भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य. त्या आवाजावर नाच चालतो, अंगात येतं. थाळगानही असतं. काशाच्या थाळीला मेणानं काडी उभी चिकटवायची, तिच्यावरून बोटं ओढायची, थाळी घुमत राहते आणि त्या घुमण्यावर कथा सांगायची, रात्र संपेपर्यंत. माझे आजोबा पावरीवाले होते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांना सांगितलं गेलं की पावरीत भूत आहे, ती सोडा. त्यांनी सोडली आणि माळ्यावर टांगली. वडिलांना वाजवता येत नव्हती. मला तर ती धरायची कशी तेही ठाऊक नाही. पावरीच्या बदल्यात मिळाली इंग्रजी चालीची चार गाणी, ज्यांचा ताल आमच्या पायांना कधीच कळला नाही.

सांगणाराही आमच्याच रक्ताचा होता, शहरात शिकून गावाला 'काहीतरी द्यायला' परत आलेला. म्हणून कादवाकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या 'तिथं नेऊ काय' या प्रश्नाशी मी अडलो. तिथं काय शिल्लक आहे ते आधी बघा.

कादवाकाठ | १८ जानेवारी

वाचलं. दोनदा वाचलं. उत्तर लगेच देत नाही.

शिल्पा_१९ | १९ जानेवारी

सगळे मोठे लोक बोलतायत म्हणून मी पण. माझं गाव चांदवडकडे आहे आणि मीही मंडळीतली. प्लीज कीबोर्ड आणा. गिटार पण आणा. आम्हाला 'जुनं ते सोनं' ऐकून कंटाळा आलाय. आमच्या इथे भजनाला बसलं की एक काका चाळीस मिनिटं एकच ओळ ओढतात आणि पोरी मागे बसून रील बघतात. मी यूट्यूबवर बघून गिटारचे चार कॉर्ड शिकले. कुणी शिकवायला असतं तर चौदा शिकले असते. शहरातल्यांना गाव बघायला आलं की जुनं हवं असतं. आम्हाला नवीन हवंय, त्याचं काय?

द्राक्षवाला | १९ जानेवारी

पोरगी बरोबर बोलली.

पेठची_पावरी | १९ जानेवारी

हो, बरोबर आहे. माझी भाचीही हेच म्हणते. मी फक्त म्हणतो, माळ्यावर काय टांगलंय ते एकदा खाली काढून बघा. मग गिटार खुशाल आणा.

तंबोरा | २० जानेवारी

नाशिकचा धागा आहे आणि गायक पलुसकरांचं नाव निघालं नाही म्हणून लिहितो. पं. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही गाण्याची शाळा काढली, पुढे मुंबईला आणली, तिथं मोठी इमारत उभी केली. त्या इमारतीच्या कर्जानं ते पार वाकले आणि अखेर इमारत हातची गेली. मग हा माणूस नाशिकला आला. रामनाम आधार आश्रम काढला, रामायण सांगायचा, भजन करायचा, शिष्यांना जवळ ठेवून शिकवायचा. १९३१ मध्ये गेले. गाणं आणि सेवा एकत्र करणं काय असतं ते याच गावात गोदेकाठी होऊन गेलंय.

सांगायचा मुद्दा कुणाला हळवं करण्याचा नाही, व्यवहाराचा आहे. इमारत बांधू नका. 'संगीत केंद्र', 'हॉल', 'स्टुडिओ' असले शब्द मनात आले की ओट्यावर जाऊन बसा. ओट्याला हप्ता नसतो.

सिन्नरकर | २० जानेवारी

तंबोरा यांना अनुमोदन. पण गोदेकाठ म्हणजे फक्त आश्रम नाही हो. आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४). त्यांना ना आश्रम, ना ओटा. पाहुण्याच्या घरी भाकरी, रात्री चौकात गाणं, सकाळी पुढचं गाव. बाबासाहेब खेड्यापाड्यांत पोचले त्यात त्या गाण्यांचा वाटा केवढा ते आमच्या आईला विचारा. तिला एक अक्षर वाचता येत नाही, पण वामनदादांची गाणी तोंडपाठ आहेत.

कादवाकाठ भाऊ, मला यातून एवढंच दिसतं. त्यांचं गाणं एकदा ऐकून म्हणता यायचं. तुमच्या पुण्याच्या बँडमधलं किती गाणं एकदा ऐकून शेतात म्हणता येतं? ड्रम काढून बघा काय उरतं.

शून्यप्रहर | २१ जानेवारी

अवांतर: ही 'पेटी आपली, कीबोर्ड परका' भानगड मला नेहमी गमतीची वाटते. पेटीच मुळात युरोपातून आलेली, आणि आणण्यात मिशनरी पुढे. परकी आणि बेसूर ठरवून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. आज तीच पेटी संस्कृती आणि कीबोर्ड विकृती. अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी धागा काढेल, 'आजोबांचा कीबोर्ड गोण्यांमागे सापडला'.

पेटीवाला_पंचवटी | २१ जानेवारी

बंदीचं खरं आहे. पण त्यात थोडं तथ्यही होतं. पेटीवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही आणि श्रुती ठोकून बसवलेल्या असतात. तरी मंडळीच्या गाण्याला पेटीच बरी, कारण चाळीस बेसुऱ्या माणसांना एका दोरीत बांधते. आणि तिला लाइट लागत नाही.

फोटो अजून आला नाही.

शरणपूरची_पोर | २२ जानेवारी

अवांतरात माझीही भर. शरणपूर रोडवरून जाताना कितीजणांना माहीत असतं की १८५४ च्या सुमारास तिथं मिशनची ख्रिस्ती वसाहत वसली होती? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं तिथं शिकत होती. त्यांना इंग्रजीत 'नासिक बॉइज' म्हणत. पुढे प्रवासी-मिशनरी लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत या शाळेतली मुलं होती. त्यांतला जेकब वेनराइट तर १८७४ मध्ये देहाबरोबर थेट लंडनला गेला. त्या मुलांच्या जिभेवर मराठी गाणी होती का, कुठल्या चालीची, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचंय.

आणि कवी ना. वा. टिळक आपलेच म्हणायचे. शिक्षण नाशिकात, पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, इथून हाकेच्या अंतरावर. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी शेकड्यानं गीतं लिहिली, ती ओवी-अभंगाच्या अंगाची. म्हणजे 'बँड की भजन' हा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे, कादवाकाठ. तुम्ही काही नवीन काढलेलं नाही. :)

खडूस_काका | २२ जानेवारी

धागा दिंडोरीहून निघाला, लाहोर-लंडन करून आला. टोल कुणी भरला?

एक_पाळक | २४ जानेवारी

सलाम. मी स्वतः पाळक आहे, जिल्हा सांगत नाही. खेड्यातल्या मंडळ्या सांभाळतो. कुणीच न लिहिलेली गोष्ट सांगतो: मंडळीतलं राजकारण.

तुमच्या मंडळीत आज स्पीकर लावणारा कोण? बहुधा एखादा पंचवीस-तीस वर्षांचा तरुण. त्यानं स्वतःच्या पैशांनी तो आणला असेल, कुणी वाजवणारं नव्हतं म्हणून. तुम्ही पुण्याहून येऊन पेटी उघडलीत की त्याचं काम गेलं. हा तरुण दुखावला तर सहा महिन्यांत मंडळीत दोन बाजू होतील. एक पेटीची, एक स्पीकरची. मग त्यात शेताच्या बांधाची जुनी भांडणं येऊन मिळतील. माझ्या एका मंडळीत तबल्याच्या जोडीवरून सुरू झालेलं भांडण आठ वर्षं चाललं. तबल्याची शाई उडाली, भांडण तसंच.

आधी त्या तरुणाच्या घरी चहाला जा. आणि उपासना चालवण्याबद्दल स्वतःहून काही बोलू नका. पाळकांना वाटेल तुम्ही त्यांच्या जागेवर डोळा ठेवून आलात. मला तरी वाटलं असतं. खरं ते लिहितोय.

कादवाकाठ | २४ जानेवारी

बाप रे. स्पीकरवाला माझा चुलतभाऊच आहे. तो त्या दिवशी माझ्याशी नीट बोलला नाही, ते आत्ता कळलं.

मीरा_टाळकरी | २४ जानेवारी

हे पाळकसाहेब आमच्या सप्ताह कमिटीलाही हवे होते.

तंबोरा | २६ जानेवारी

एक तांत्रिक. खेड्यात सामुदायिक गाणं मरतं त्याचं निम्मं कारण पट्टी, म्हणजे गाणं कुठल्या सुरापासून धरायचं ते. वाजवणारा पुरुष असतो, तो स्वतःच्या सोयीनं पेटीवरची काळी एक-दोन धरतो. बायकांना ते खाली जातं, त्या पुटपुटतात. मोबाइलवरचं गाणं काळी चार-पाचला असलं की पुरुष गप्प. दोघांना एकत्र गायचं तर मधली कुठलीतरी, पांढरी चार वगैरे घेऊन बघा, आणि ज्या चालीची उडी फार मोठी नाही अशी चाल घ्या. त्या दिवशी ओठ हलत नव्हते ते अश्रद्धेनं नव्हे, पट्टी गळ्याला लागत नव्हती म्हणून असेल.

शिल्पा_१९ | २६ जानेवारी

हे मला कुणी आधी का सांगितलं नाही!! मी दोन वर्षं समजत होते माझा आवाजच वाईट आहे.

कादवाकाठ | १२ एप्रिल

धागा वर काढतोय. कामं पूर्ण नाहीत, पण हिशेब द्यायला हवा.

फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून गावी, सोमवारी पहाटे परत. पूर्ण मुक्काम जूनमध्ये (कमोड बसलाय). द्राक्षवाला म्हणाले तेच झालं. पहिल्या चार आठवड्यांत सरावाला कुणी आलं नाही. मी आणि गुरव आजोबा. ते ओट्यावर बसून आजोबांच्या गोष्टी सांगायचे, मी ऐकायचो. मग बागेतल्या बायकांची पाळी साडेपाचला सुटते हे कळलं. त्या घरी जाताना ओट्यावरून जातात, पंधरा मिनिटं टेकतात. सराव आता तेवढाच. पंधरा मिनिटं.

चुलतभावाकडे चहाला गेलो. पहिल्या दिवशी क्रिकेट. दुसऱ्या आठवड्यात त्यानंच विषय काढला, 'तू नव्हतास ना, म्हणून आणला मी स्पीकर.' मी म्हटलं, खरंय. पुढे बोलायला काही नव्हतं. आता तबला तो शिकतोय. हात जड आहे, पण केहरवा सोडत नाही. स्पीकर आहेच, कोरसच्या मुली त्यावर ऐकून गाणं पाठ करतात.

आता खरी गोष्ट. भस्म बुधवारनंतर (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) ख्रिस्ताच्या दुःखसहनाची गीतं बसवायला घेतली. जुन्या गीतपुस्तकात गीताच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कुठल्याशा पदाचे दोन-तीन शब्द छापलेले असतात. ते पद आज कुणाला ठाऊक नसतं. एका गीताची अशीच चाल हरवलेली, म्हणून मी स्वतः बांधली. चांगली झाली होती हो. पुण्यात वाजवली असती तर लोकांनी रेकॉर्ड केली असती. ओट्यावर म्हणून दाखवली. सगळ्या ऐकत होत्या. ऐंशीच्या पुढच्या एक मावशी, आजोबांच्या शाळेत शिकलेल्या, द्राक्षाच्या क्रेटवर बसल्या होत्या. म्हणाल्या, 'बाळा, छान आहे. पण हे त्या गीताचं नाही.' आणि म्हणायला लागल्या. दात नाहीत, दम पुरत नाही, दुसऱ्या कडव्याला थांबून पाणी प्यायल्या. पण ती चाल! मधे एका जागी शब्द संपतो आणि सूर पुढे जातो. तिथं मी काय टाकणार होतो, तर कीबोर्डचा व्हायोलिन.

मोबाइल काढून रेकॉर्ड केलं. पेठची_पावरी, तेव्हा तुमची आठवण आली. उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते हे.

आता गंमत. पुढच्या शुक्रवारी नाशिकरोडच्या एक आत्याबाई पाहुण्या आल्या. त्यांनी ती चाल ऐकली आणि म्हणाल्या, 'छे, ही चुकीची. आमच्याकडे अशी म्हणतात.' आणि त्यांनी दुसरीच म्हटली. दोघी पाऊण तास भांडल्या. साडेपाचच्या बायका सात वाजले तरी हलेनात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) शेवटी दोन्ही म्हटल्या. पहिली तीन कडवी मावशींच्या चालीत, उरलेली आत्याबाईंच्या. मधे पट्टी बदलायला माझा घाम निघाला. ओठ हलत होते. सगळ्यांचे नाही. पुरुषांच्या बाजूला अजून शांतता आहे.

शिल्पा, गिटारही आलीय. दोन मुली शिकतात. त्यांनी नवीन गाणं मागितलं ते ईस्टरला झालं, आणि म्हाताऱ्यांनी त्यावर टाळ्या धरल्या. चुकीच्या मात्रेवर, पण धरल्या.

पाळकांना भेटलो. उपासनेचा विषय काढला नाही. त्यांनीही काढला नाही. मेमध्ये ते दोन रविवार नाहीत, बघू.

रोखठोक | १२ एप्रिल

ओट्यावर इतरांची मुलं येतात का?

कादवाकाठ | १२ एप्रिल

चार. त्यातला एक गुरव आजोबांचा नातू. बिस्किटं सुरू करावी लागली, पण ती आजोबाच आणतात.

रोखठोक | १२ एप्रिल

मग ठीक.

शरणपूरची_पोर | १२ एप्रिल

दोन्ही चाली मला ऐकायच्या आहेत. आत्याबाई नाशिकरोडच्या कुठल्या गल्लीतल्या? माझी आजी तिथलीच, ती तिसरी चाल म्हणेल याची खात्री देते.

पेठची_पावरी | १३ एप्रिल

रेकॉर्डिंग एका ठिकाणी ठेवू नका, फोन पडतात. मी रविवारी माळ्यावर चढलो होतो. पावरी आहे. भोपळा तडकलाय. सुरगाण्याकडे एक म्हातारा अजून बनवतो असं कळलं, मेच्या सुट्टीत जाणार आहे. बाकी काही ठरवलेलं नाही.

खडूस_काका | १३ एप्रिल

दोन वर्षं म्हणालो होतो. त्यातले दोन महिने झाले. मोजतोय.

पेटीवाला_पंचवटी | १३ एप्रिल

सगळं वाचलं. छान. पण पायपेटीचं काय झालं? कीबोर्डचा उल्लेख आला, गिटारचा आला, पेटीचा एकदाही नाही. आणि फोटो?

कादवाकाठ | १३ एप्रिल

उंदरीण व्यायली आहे. पिल्लं मोठी झाली की घेऊन येतो.